आर की एस? विन्यासलेखनाची सत्तर वर्षे

कराडला लागून, पुणे–बेंगळुरू महामार्गावर वसलेल्या मलकापुरात कृष्णा विश्व विद्यापीठाचा परिसर आहे. वैद्यकाच्या जोडीने तिथे औषधनिर्माणशास्त्रही शिकवले जाते. त्याच कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकला कृष्णा सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट रोज उसाच्या रसाची ‘पोल’ काढतो. निवळलेला रस पोलॅरिमीटरच्या नळीत भरायचा, ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती अंशांनी वळले ते वाचायचे आणि त्यावरून साखरेचे प्रमाण ठरवायचे. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी मात्र कागदावर रेणू काढतो, चार वेगवेगळे गट धरून बसलेला कार्बन शोधतो आणि त्याला ‘आर’ किंवा ‘एस’ असे अक्षर देतो. केमिस्ट मोजमाप करतो आणि विद्यार्थी आकाराची नोंद करतो. दोघांच्या कामामागे रेणूचा एकच गुणधर्म आहे: आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत न बसणे, म्हणजेच कायरलता.

आर-एस ही नोंदीची पद्धत १९५६ साली रूढ स्वरूपात मांडली गेली. आज जगभरच्या रसायनशास्त्रात ती चालते. तरीही तिच्याभोवतीचे काही प्रश्न सुटलेले नाहीत. जुनी डी-एल पद्धत का टिकली? नियमांच्या कडेकोपऱ्यांत संगणक का अडखळतात? औषधांच्या नावांत या अक्षरांचा उपयोग होतो की घोटाळा? आणि हे सगळे वर्गात शिकवायचे कसे? या वादांत आज कोण कुठे उभे आहे, ते इथे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

द्रव आणि द्रावणे ध्रुवित प्रकाश वळवतात हे बियोने १८१५ साली दाखवले. १८४८ मध्ये पाश्चरने सोडियम अमोनियम टार्टरेटचे स्फटिक भिंगाखाली निवडून त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवत होते, दुसऱ्याचे तितकेच डावीकडे. हे टार्टारिक आम्ल आपल्याकडे परके नाही. तासगावच्या द्राक्षांत ते असते, चिंचेत तर भरपूर असते. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे सांगितले की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. चारही गट वेगळे असतील, तर दोनच मांडण्या शक्य होतात आणि त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात.

दोन मांडण्या आहेत हे कळले, पण नेमकी कोणती मांडणी प्रकाश उजवीकडे वळवते हे कळायला पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. एमिल फिशरने १८९१ मध्ये ग्लुकोजची रचना उलगडताना एक बाजू गृहीत धरली. १९०६ मध्ये रोझॅनॉफने ग्लिसराल्डिहाइडला संदर्भ मानून डी आणि एल ही कुळे पक्की केली. हा सगळा डोलारा एका अंदाजावर उभा होता आणि तो अंदाज चुकण्याची शक्यता निम्मी होती. १९५१ साली उट्रेख्तमध्ये बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम रुबिडियम टार्टरेटवर क्ष-किरणांचा विशेष प्रयोग केला आणि फिशरचा अंदाज बरोबर ठरला. तो चुकला असता, तर शर्करांची आणि अमिनो आम्लांची छापलेली प्रत्येक आकृती उलटी करावी लागली असती.

त्याच वर्षी लंडनच्या रसायन संस्थेच्या नियतकालिकाचे संपादक रॉबर्ट कान आणि क्रिस्टोफर इन्गोल्ड यांनी विन्यास, म्हणजे गटांची अवकाशातली मांडणी, लिहिण्याची नवी रीत मांडली. झुरिकचे व्लादिमिर प्रेलॉग त्यांना येऊन मिळाले आणि १९५६ मध्ये तिघांच्या लेखातून आर-एस पद्धत पुढे आली. १९६६ मध्ये तिघांनी ती विस्ताराने मांडली आणि १९८२ मध्ये प्रेलॉग आणि हेल्मशेन यांनी तिची पुन्हा डागडुजी केली.

नियम काय म्हणतो

कार्बनला जोडलेल्या चार गटांना अग्रक्रम द्यायचा. थेट जोडलेल्या अणूचा अणुक्रमांक जितका मोठा, तितका क्रम वरचा. तिथे बरोबरी झाली, तर एक पाऊल पुढे जाऊन त्या अणूला जोडलेल्या अणूंचे संच ताडून पाहायचे आणि जिथे पहिला फरक दिसेल तिथेच निकाल द्यायचा. दुहेरी बंध असेल, तर पलीकडचा अणू दोनदा धरायचा. क्रम ठरले की सर्वांत खालच्या क्रमाचा गट आपल्यापासून दूर ठेवून उरलेल्या तिघांकडे पाहायचे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे जाताना घड्याळाच्या काट्यांची दिशा मिळाली तर आर, उलटी मिळाली तर एस.

लॅक्टिक आम्लात क्रम असा लागतो: हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, मिथाइल, हायड्रोजन. व्यायामात आपल्या स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल एस विन्यासाचे असते. त्याचे कूळ एल आहे आणि ते प्रकाश उजवीकडे वळवते. म्हणजे एकाच रेणूला तीन बिरुदे: एस, एल आणि (+). पहिले बिरुद नियमाने दिलेले, दुसरे नात्याने आलेले, तिसरे उपकरणाने मोजलेले. ही तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकावरून दुसरे काढण्याचा सोपा मार्ग नाही. विद्यार्थ्याने या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर माझ्या मते ती हीच.

साखरेतही हेच दिसते. सुक्रोजचे विशिष्ट वलन +६६.५ अंश असते. तिचे विघटन झाले की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सारख्या प्रमाणात मिळतात आणि मिश्रण उणे वीस अंशांच्या आसपास जाते. कारण ग्लुकोजचे +५२.७ आणि फ्रुक्टोजचे सुमारे –९२. दोन्ही शर्करा डी कुळातल्या, पण वलन उलट्या दिशांचे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की पोल घसरते, त्यामागे हे विघटन मोठ्या प्रमाणात असते. कारखान्यातल्या केमिस्टला इथे आर-एसची गरज पडत नाही. त्याला लागतो तो वलनाचा आकडा.

डी-एल का टिकली

पहिला वाद जुन्या-नव्याचा आहे. आर-एसच्या बाजूचे म्हणणे असे की डी-एल ही नात्यावर चालणारी पद्धत आहे आणि नाते कुठून मोजायचे हे ठरलेले नसेल, तर ती कोसळते. टार्टारिक आम्ल हे याचे ठळक उदाहरण. द्राक्षातले (+) टार्टारिक आम्ल शर्करांच्या रीतीने पाहिले तर एल ठरते, अमिनो आम्लांच्या रीतीने पाहिले तर डी. ही गोंधळाची जागा इतकी कुप्रसिद्ध झाली की संदर्भ कोणता हे सांगायला अक्षराखाली आणखी एक छोटे अक्षर जोडावे लागले. आर-एसमध्ये हा प्रश्नच उरत नाही. ते आम्ल २आर, ३आर आहे, मग पाहणारा शर्करांचा अभ्यासक असो वा प्रथिनांचा.

दुसऱ्या बाजूला जैवरसायनशास्त्र आहे आणि त्याचेही म्हणणे वजनदार आहे. प्रथिनांतली कायरल अमिनो आम्ले एकाच घडणीची आहेत आणि ‘एल’ हे अक्षर ती एकवाक्यता एका झटक्यात सांगते. आर-एसने मात्र ती तुटते. सेरीन एस, ॲलानीन एस आणि सिस्टीन आर. सिस्टीनमध्ये अवकाशातली मांडणी बदललेली नाही. बाजूच्या साखळीत गंधक आला, त्याने कार्बॉक्सिलमधल्या ऑक्सिजनला अणुक्रमांकात मागे टाकले, अग्रक्रम बदलला आणि अक्षर बदलले. शर्करांचीही तीच अडचण. डी-ग्लुकोजचे पद्धतशीर नाव लिहायचे तर २आर, ३एस, ४आर, ५आर अशी माळ होते आणि तिच्यातून कूळ नजरेत भरत नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नामकरण संस्थेने शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यापुरती डी-एल पद्धत कायम ठेवली. यात पराभव किंवा तडजोड पाहण्याचे कारण नाही. कूळ सांगायचे असेल तिथे एक पद्धत, एकट्या रेणूचा आकार निःसंदिग्ध लिहायचा असेल तिथे दुसरी. अडचण येते ती दोन्ही कामे एकदम करावी लागतात तेव्हा, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या कृत्रिम औषधी रेणूंच्या बाबतीत. तिथे लेखकागणिक रीत बदलते.

अक्षर लिहिणे आणि विन्यास सिद्ध करणे

‘विन्यास ठरवणे’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात. आकृती समोर असताना नियम लावून अक्षर लिहिणे हे पहिले. बाटलीतल्या पावडरीतला रेणू खरोखर त्या आकृतीसारखा आहे हे सिद्ध करणे हे दुसरे. पहिले काम पाच मिनिटांचे असू शकते, दुसऱ्याला महिने लागतात.

दुसऱ्या कामाची साधने वाढत गेली. स्फटिक मिळाला, तर क्ष-किरण. त्या निकालावर किती विश्वास ठेवावा हे सांगणारा मापदंड हॉवर्ड फ्लॅकने १९८३ मध्ये दिला. स्फटिक मिळत नसेल आणि रेणूत अल्कोहोल असेल, तर मॉशरची एस्टर पद्धत वापरून एनएमआरवरून उत्तर काढतात. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजून तो संगणकाने काढलेल्या अपेक्षित आलेखाशी ताडणे ही अलीकडे रुळलेली वाट. आणि सर्वांत जुनी वाट म्हणजे ओळखीच्या विन्यासाच्या पदार्थापासून, प्रत्येक पायरीवर काय उलटते आणि काय टिकते हे जाणत, नवा पदार्थ घडवणे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असममित संश्लेषणावर दीर्घकाळ काम झाले आहे आणि त्या कामात ही साधने रोजची आहेत.

मतभेद आहेत ते पुराव्याच्या पुरेपणावर. नुसत्या वलनाच्या चिन्हावरून, जुन्या लेखातल्या आकड्याशी जुळवून विन्यास जाहीर करणे एके काळी चालून जात असे. आज बरेच संपादक आणखी एखादा स्वतंत्र पुरावा मागतात. विद्रावक, तापमान आणि तीव्रता बदलली की वलनाचा आकडा बदलतो, क्वचित चिन्हही फिरते. हे लक्षात घेता ही मागणी मला रास्त वाटते. दुसरी बाजू अशी की जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात पोलॅरिमीटर परवडतो, बाकीची उपकरणे परवडत नाहीत. मोठ्या केंद्रांकडे नमुने पाठवून काम भागते, पण वेळ जातो.

संगणकाने काढलेल्या उणिवा

साध्या रेणूंना पहिला नियम पुरतो. गुंतागुंत पुढे सुरू होते. समस्थानिकांत फरक असेल, तर वस्तुमान पाहायचे. दुहेरी बंधाभोवतीची मांडणी वेगळी असेल, तर त्यासाठी तिसरा नियम. दोन शाखा जोडणीत अगदी सारख्या आणि केवळ स्वतःच्या विन्यासात वेगळ्या असतील, तर चौथा आणि पाचवा. मुळात हे नियम माणसाने डोळ्यांनी पाहून लावायचे म्हणून लिहिले गेले. वलये एकमेकांत गुंतलेली असतील, तर रेणूचा प्रत्येक मार्ग उलगडून झाडासारखा आराखडा करावा लागतो. असा आराखडा हाताने काढताना तज्ज्ञही थकतो.

सॉफ्टवेअर आले तसे लक्षात आले की एकाच रेणूला वेगवेगळे प्रोग्रॅम वेगळी अक्षरे देतात. काही ठिकाणी प्रोग्रॅम चुकीचे होते, पण काही ठिकाणी नियमाचे शब्दच दोन अर्थांचे होते. २०१८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅमांवर काम करणारे त्यांचे सहलेखक एकत्र आले, त्यांनी आपापली उत्तरे ताडून पाहिली, नियमांची फेरमांडणी सुचवली आणि मूळ पाच नियमांना सहाव्याची जोड द्यावी असे म्हटले. पाठोपाठ २०२० मध्ये मुक्त वापराच्या ‘आरडीकिट’ या संचातही अक्षरे देण्याची नवी रीत आली. आधीची रीत सोप्या रेणूंना ठीक होती, अवघड रेणूंना चुकत असे.

इथून एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. संगणकाला आर-एस लागतेच कशाला? १९८८ मध्ये डेव्हिड वायनिंगरने मांडलेली ‘स्माइल्स’ ही लेखनपद्धती अणू ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाच्या आधाराने फिरण्याची दिशा एका चिन्हाने सांगते. तिला अणुक्रमांकाची चर्चा लागत नाही. २००५ पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय रासायनिक ओळखसंकेताचीही स्वतःची वेगळी सोय आहे. एक मत असे की माहितीसाठ्यांनी या संकेतांवरच चालावे आणि आर-एस केवळ माणसांच्या वाचनासाठी ठेवावे. विरुद्ध मत असे की पेटंट, औषधाचे लेबल, न्यायालयातला दावा, सगळीकडे माणूसच वाचतो आणि तिथे नाव उच्चारता आले पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत. शोधनिबंधात नाव, आकृती आणि संकेत तिन्ही दिले, तर एकातली चूक दुसऱ्यावरून पकडता येते.

कार्बनच्या पलीकडेही हद्द वाढते आहे. गंधकावरचे एकाकी इलेक्ट्रॉनयुग्म शून्य अणुक्रमांकाचे धरून त्याला शेवटचा क्रम देतात, त्यामुळे इसोमेप्राझोलच्या गंधकालाही अक्षर मिळते. एका बंधाभोवतीचे फिरणे अडल्यामुळे कायरल झालेल्या रेणूंसाठी अक्षाचे नियम आहेत आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सोटोरासिब हे कर्करोगावरचे औषध त्याच जातीचे. साखळीच्या कड्यांसारखे गुंतलेले रेणू मात्र अजून वादाच्या टप्प्यात आहेत. त्यांच्यात एकही कायरल अणू नसताना संपूर्ण रचना कायरल असू शकते.

औषधाच्या दुकानात

मलकापूर-कराडच्या रस्त्यावरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये लेव्होसेटिरिझिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ही दोन्ही नावे रोज घेतली जातात. दोन्हींत ‘लेव्हो’ आहे, म्हणजे दोन्ही प्रकाश डावीकडे वळवतात. पण लेव्होसेटिरिझिन आर आहे आणि लेव्होफ्लॉक्सासिन एस. एस्सिटालोप्राम आणि इसोमेप्राझोल यांच्या नावांच्या सुरुवातीचे ‘es’ मात्र एस विन्यासातून आलेले. म्हणजे औषधांच्या नावांत दोन पद्धती मिसळल्या आहेत, काही नावे वलनावरून आलेली आणि काही विन्यासावरून. नाव ठरवणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. नाव छोटे हवे, आधीच्या औषधाची आठवण करून देणारे हवे आणि दुसऱ्या नावाशी गोंधळ न होणारे हवे. पण फार्मसीच्या विद्यार्थ्याने नावावरून विन्यास ओळखायला जाऊ नये.

त्याहून मोठा प्रश्न उपचाराचा. दोन प्रतिबिंबी रूपांचे मिश्रण द्यावे की एकच रूप? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९२ मध्ये धोरण जाहीर केले की दोन्ही रूपांचा अभ्यास करून निवडीचे कारण द्यावे. त्यानंतर जुन्या मिश्र औषधांतून एकच रूप वेगळे करून विकण्याची लाट आली. भारतात पुण्याच्या एमक्युअर कंपनीने या वाटेवर लवकर पाऊल टाकले आणि एस-ॲमलोडिपिनसारखी औषधे बाजारात आणली. मिश्र ॲमलोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमऐवजी त्याची अडीच मिलिग्रॅम मात्रा दिली जाते, कारण रक्तदाब उतरवण्याचे काम मुख्यतः एस रूपच करते. बाजूने बोलणारे म्हणतात की निरुपयोगी अर्धा भाग शरीराला का पेलायला लावायचा? साशंक असणारे विचारतात की रुग्णाला प्रत्यक्षात किती फरक पडला आणि वाढलेल्या किमतीच्या मानाने तो पुरेसा आहे का? याचे एकच उत्तर सगळ्या औषधांना लागू पडत नाही. आयबुप्रोफेनचे आर रूप शरीरातच बऱ्याच अंशी एसमध्ये बदलते. थॅलिडोमाइडची दोन्ही रूपे शरीरात एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे ‘चांगले रूप दिले असते तर नवजात बालकांतल्या व्यंगांची शोकांतिका टळली असती’ हे नेहमी सांगितले जाणारे वाक्य टिकत नाही. क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉलमध्ये मात्र एस-एस रूपच जंतूंवर चालते आणि तेच दिले जाते.

वर्गात

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांत बीएस्सीला, फार्मसीला आणि पुढे नेट-सेट-गेटच्या तयारीत हा विषय भेटतोच. शिकवण्याचे दोन प्रवाह दिसतात. पहिला युक्त्यांचा. फिशर आकृतीत हायड्रोजन उभ्या रेषेवर असेल तर दिशा तशीच घ्या, आडव्या रेषेवर असेल तर उलटी करा. दोन गटांची एकदा अदलाबदल केली तर अक्षर उलटते, दोनदा केली तर मूळचे येते. या युक्त्या पूर्णपणे बरोबर आहेत आणि तीन तासांच्या परीक्षेत त्यांचा आधार मोठा असतो. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी पुस्तकाशी झगडणाऱ्या मुलाला तर त्या आत्मविश्वास देतात.

दुसरा प्रवाह म्हणतो, आधी रेणू हातात द्या. चिकणमातीच्या चार रंगांच्या गोळ्या आणि काड्या पुरतात. त्याची आरशातली जोडी करू द्या, दोन्ही एकमेकांवर बसवून पाहू द्या, अक्षर मग. या मताच्या शिक्षकांची तक्रार अशी की बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा फक्त अक्षर विचारते. बरोबर अक्षर देणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आकार आहे की नाही, हे तिला कळतच नाही. मोबाइलवर फिरवता येणाऱ्या त्रिमिती आकृत्यांनी मातीचे काम किती हलके होते, यावर शिक्षकांत एकमत नाही. पडद्यावरचा रेणू फिरतो, पण बोटांना त्याची अडचण जाणवत नाही.

मला दुसरा प्रवाह जवळचा वाटतो, पण वर्गातला वेळ आणि अभ्यासक्रमाची लांबी पाहता पहिल्याला नावे ठेवणे योग्य होणार नाही. दोन्हींना जोडणारे प्रश्न मात्र काढता येतील. उदाहरणार्थ, ॲड्रिनॅलीन आर आहे आणि प्रोप्रॅनोलॉलचे गुणकारी रूप एस आहे. दोन्ही रेणूंच्या नायट्रोजनकडच्या बाजू एका दिशेला ठेवून आकृत्या काढा, हायड्रॉक्सिल दोन्हींत कुठे येतो ते पाहा आणि तो अवकाशात एकाच जागी येत असताना अक्षरे वेगळी का पडली ते लिहा. उत्तर असे: ॲड्रिनॅलीनमध्ये नायट्रोजनची बाजू वलयाच्या वर क्रम लावते. प्रोप्रॅनोलॉलमध्ये वलयाआधी ऑक्सिजनचा एक दुवा आल्यामुळे हा क्रम उलटतो. या प्रश्नाला अर्धे पान लागेल, तपासायला थोडा जास्त वेळ जाईल आणि विद्यार्थ्याला नियम कळला की नुसता पाठ झाला, हे त्या अर्ध्या पानावर दिसेल.